सत्तरच्या पुढे गाडी डोलते

साठपर्यंत गाडीबद्दल माझी काहीच तक्रार नव्हती. पासष्टला ती विचारात पडायची, आणि काटा सत्तरला टेकला की डावीकडे जावं की उजवीकडे हे तिचं तिलाच ठरत नसे. स्टेअरिंग माझ्या हातात असायचं, पण ते जत्रेत पोराचं बोट धरावं तसं. शेजारून ट्रक गेला की गाडी त्याच्या वाऱ्याबरोबर हातभर ओढली जायची. मी उलटं वळवायचो, मग ती उलट्या बाजूला दीड हात जायची. असे आम्ही दोघं एकमेकांची समजूत घालत, सुरतेबाहेरचं सचिन गाव ओलांडून पलसाण्याच्या फाट्यापर्यंत जायचो आणि तसेच परत यायचो.

गाडी अकरा दिवसांची होती. नव्वदच्या दशकातली गोष्ट, तेव्हा लिंबायतमध्ये आमच्या गल्लीत रिक्षा पंचवीस होत्या आणि कार एकही नव्हती. मी मूळचा खानदेशातला, सुरतेत आलो तो दुसऱ्याच्या लूमवर गाठी मारायला. वीस वर्षांनी स्वतःचे बारा लूम झाले. कुणाचा लूम अडला की लोक मला बोलवायचे, आणि मी दारातूनच आवाज ऐकून सांगायचो की शटल घासतंय की पट्टा सैल आहे. त्यामुळे गल्लीत मला मास्तर म्हणायचे. मास्तर चुकत नाही, असा एक समज होता. हा समज सर्वांत जास्त माझाच होता.

रविवारी सकाळी कोपऱ्यावरच्या एसटीडी बूथवाल्याने निरोप पाठवला की गावाकडून फोन आहे. मावसभाऊ होता. मावशीने अन्न सोडलंय, म्हणाला. उठवत नाही, पण बोलते, आणि दिवसातून दहा वेळा विचारते की बहीण आली का. बहीण म्हणजे माझी आई. दोघींत सहा वर्षांचं अंतर. आजी लवकर गेली, त्यामुळे आईला मावशीनेच वाढवलेलं.

आईचं मांडीचं हाड वर्षभरापूर्वी मोडलं होतं, आत सळई होती. एसटीची पायरी तिला चढता येत नव्हती आणि पाय लोंबकळत ठेवून बसणं दोन तासांच्या वर जमत नव्हतं. मावशीचं गाव नवापूरच्या पुढे, साक्रीच्या अलीकडे, दीडशे किलोमीटर. मागच्या सीटवर पाय लांब करून तिला नेता यावं, हेही गाडी घेण्याचं एक कारण होतं. निदान बायकोला मी तसंच सांगितलं होतं.

आता शेडपुढच्या ओट्याची गोष्ट आधीच सांगून टाकतो. नाहीतर वाचणाऱ्याला वाटेल की पुढे चार दिवस मी काहीतरी गूढ शोधत होतो.

आमच्याकडे नवा लूम आला की तो शेडचा उंबरा ओलांडून आत जातो, मग त्याला हळदकुंकू लागतं. बाहेर पूजा केलेलं यंत्र घरचं होत नाही, असं मानतात. माझे बाराही लूम त्या उंबऱ्यावरून आत गेले होते. कार काही शेडमध्ये मावणार नव्हती. पण निदान पुढची दोन चाकं ओट्यावर चढवावीत, गाडीचं तोंड उंबऱ्याला लागावं, असं मीच काढलं. कुणी मागितलं नव्हतं. ओटा गुडघ्याच्या जरा खाली, आणि त्याच्यापुढे उघडी गटार. मी दोन फळ्या टाकल्या आणि ड्रायव्हिंग क्लासमध्ये तीन आठवडे शिकलेलं सगळं कौशल्य एकवटून गाडी वर घेतली. उजवं चाक चढलं. डाव्या चाकाखालची फळी सरकली आणि गाडीचा तो कोपरा ओट्याच्या काठावर आदळला. स्टेअरिंगने मला मनगटात असा हिसका दिला की माझ्या दाढा वाजल्या.

आत बारा लूम चालू होते. ज्याने पॉवरलूमची शेड आतून पाहिली आहे त्याला माहीत आहे की तिथे शेजारचा माणूस ओरडला तरी ओठ हलताना दिसतात एवढंच. तो दणका माझ्याशिवाय कुणाला ऐकू गेला नाही. लोकांना दिसलं ते एवढंच, की मास्तरने जरा झटक्यात गाडी चढवली. मी हसत उतरलो, नारळ फोडला, पेढे वाटले. बंपरला ओरखडासुद्धा नव्हता. काही झालेलं नाही, असं मी ठरवलं, आणि ते इतकं पक्कं ठरवलं की दोन दिवसांत मला ते खरं वाटायला लागलं.

सोमवारी पहाटे आईला मागे बसवलं, पाठीला उशा लावल्या. बायको पुढे. बारडोलीपर्यंत रस्त्यावर गर्दी होती, वेग चाळीस-पन्नास, सगळं छान. पुढे रस्ता मोकळा झाला आणि मी जोर दिला. सत्तरला गाडी डोलायला लागली. समोरून लक्झरी बस आली, तिच्या वाऱ्याने आम्ही डावीकडे गेलो, मी ओढली तसे मधल्या पट्ट्यापलीकडे, परत ओढली तसं डावं चाक कच्च्यात. मागे आईने पुढची सीट दोन्ही हातांनी धरली होती. बायकोने चपला काढून पाय वर घेतले.

मी गाडी बाजूला घेतली. बराच वेळ बॉनेट उघडून आत पाहिलं. बॉनेटमध्ये पाहण्यासारखं काही असतं म्हणून नव्हे, तिथे तोंड लपतं म्हणून. परत आलो तेव्हा आई आपल्या अहिराणीत म्हणाली, "गाडी डोलस का तूच डोलस?"

मी म्हणालो, टायरमध्ये दोष आहे, असं लांब जाणं बरोबर नाही, परत जाऊ, एक दिवसाचं काम आहे. तेव्हा ती जे म्हणाली ते मी पुढे बऱ्याच जणांना सांगितलंय, पण सांगताना शेवटचे दोन शब्द नेहमी गाळलेत. ती म्हणाली, "हाळू हाळू लई चाल. माले घाई नही. तिले शे." हळूहळू ने, घाई आहे ती मावशीला.

चाळीसच्या वेगाने अजून तीन तास लागले असते. दुपारच्या आत पोचलो असतो. पण माझ्या डोळ्यांपुढे वेगळंच चित्र होतं. नवी कोरी गाडी, आणि मागून ऊस लादलेले ट्रॅक्टर हॉर्न देऊन पुढे जातायत. मी म्हणालो, ट्रकच्या वाऱ्याचं काय, तुझ्या पायाचं काय. सगळं आईच्या काळजीपोटी म्हणालो. ऐकताना मलासुद्धा ते पटलं. आम्ही परत फिरलो.

घरी पोचताच बायकोने एकदाच सांगितलं, की आजच्या आज भाड्याची जीप करा. मी म्हणालो, दारात गाडी उभी असताना? तिने पुढे वाद घातला नाही. लग्नाला सोळा वर्षं झाली होती, कुठे थांबायचं हे तिला कळत होतं. मला कळत नव्हतं.

मग माझी तपासणी सुरू झाली.

समोर राहणारे रिक्षावाले भाऊ वर्ध्याकडचे. त्यांना गल्लीतल्या सगळ्या चाकांची नाडी कळते अशी त्यांची ख्याती होती. त्यांनी टायरला लाथ मारून पाहिली. "मास्तर, हवाच कमी हाय. टणक भरून घ्या, मंग पाहा कशी सरळ पळते ते." पंपावर जाऊन हवा टणक भरली. संध्याकाळी सचिनच्या रस्त्यावर सत्तरला नेली, तर आता ती डोलायची आणि वर उड्याही मारायची. भाऊंनी दुसरं निदान दिलं की हवा जास्त झाली. मी उतरवली. मग गाडी उड्या न मारता डोलायला लागली. एवढी प्रगती सोमवारी झाली.

रात्रभर मी या कुशीवरून त्या कुशीवर. पलीकडच्या खोलीत आईही जागीच होती, कारण तिची काठी दर थोड्या वेळाने फरशीवर टेकत होती.

मंगळवारी शोरूम. तिथला माणूस गोड होता. त्याने गाडी रिंग रोडवर फिरवून आणली, तिथे चाळीसच्या वर कोण जाणार. तो म्हणाला, "नवी गाडी छे साहेब, हाथ बेसवा दो." म्हणजे दोष माझ्या हाताचा. मग त्याने सहज विचारावं तसं विचारलं की कुठे आदळली-बिदळली नाही ना. मी ज्या वेगाने 'ना रे ना' म्हणालो, तेवढा वेग त्या गाडीने कधी पाहिला नव्हता. त्याने वहीत काहीतरी खूण केली आणि चहा मागवला. एका शब्दाने काम झालं असतं. पण तो शब्द सांगितला तर नवीन गाडीची दुरुस्ती कंपनीकडून होणार नाही, ही एक भीती. आणि गल्लीत कळेल, ही दुसरी. खरं सांगायचं तर दुसरीच मोठी होती.

संध्याकाळी बूथवरून मीच गावी फोन लावला. मावसभाऊ म्हणाला, आज सकाळी उठून बसली होती, दाराकडे तोंड करून. केव्हा निघताय? मी म्हणालो, उद्या नक्की.

बुधवारी सकाळी मला साक्षात्कार झाला. तो सांगण्याआधी लूमबद्दल थोडं सांगतो. लूमच्या मागे ताण्याचे सगळे धागे गुंडाळलेला एक मोठा रूळ असतो, त्याला आम्ही बीम म्हणतो. तो सुटा फिरला तर धागे ढिले पडून कापड वाकडं येतं, म्हणून त्याच्या मागे लोखंडी वजनं टांगतात. बीम नाचायला लागला की मास्तर पहिलं काम काय करतो? मागे एक वजन वाढवतो. नाच बंद. वीस वर्षं मी हेच केलं होतं, हजारदा केलं होतं. मग मागून डोलणाऱ्या गाडीला दुसरं काय हवं?

शेडमधली दहा-दहा किलोची दहा वजनं मी डिकीत ठेवली. हलू नयेत म्हणून गोणपाटात बांधली. गाडीचं बूड खाली बसलं, नाक वर आलं. मला ते दृश्य फार आवडलं. विमान उडायच्या आधी असंच दिसतं. दुपार टळल्यावर रिक्षावाल्या भाऊंना शेजारी बसवलं, म्हटलं, आता पाहा.

भेस्तान गेलं, सचिन गेलं. पासष्टला गाडी खरंच शांत होती. मी भाऊंकडे पाहून भुवई उडवली. सत्तरला स्टेअरिंग हलकं झालं. हलकं म्हणजे इतकं की मी ते वळवत होतो आणि गाडी आपल्या विचारात सरळ चालली होती. वजनाने मागची बाजू दाबली, तेवढंच पुढचं चाक रस्त्यावरून उचललं गेलं होतं. पण हे मला नंतर कळलं. तेव्हा एवढंच कळलं की समोर पुलाचा कठडा आहे आणि आम्ही त्याच्याकडे निघालोय. मी ब्रेक मारला. गाडी अर्धी फिरली आणि कठड्याच्या अलीकडे उसाच्या शेतात तोंड घालून उभी राहिली. काचेवर उसाची पानं टेकली होती. आमच्या दोघांच्याही अंगाला काही झालं नव्हतं.

भाऊंनी दाराची कडी चाचपली. मग म्हणाले, "मास्तर, घरी मायले सांगू नका. अन् मले उतरू द्या, मी टेम्पोनं येतो."

मी त्यांना हातापाया पडून बसवलं. तीसच्या वेगाने परत येताना ते म्हणाले की भेस्तानला एक म्हातारे काका आहेत, दोरीने चाकं जुळवणारे, त्यांच्याकडे ट्रकवालेही येतात. गेलो तर काका शेगडीवर चहा ठेवून बसले होते. त्यांनी गाडीचं वर आलेलं नाक पाहिलं, डिकी उघडायला लावली, गोणपाट उचकटलं आणि शांतपणे विचारलं, "आखी मिल लईने फरो छो के शुं?" अख्खी मिलच घेऊन फिरता की काय, असं. मग म्हणाले, हे सगळं काढा आणि उद्या सकाळी या, आता अंधार पडतो, अंधारात दोरी दिसत नाही.

गुरुवारी मी सकाळी सहालाच त्यांच्या दारात. काकांनी सपाट फरशीवर गाडी उभी केली, स्टेअरिंग सरळ बांधलं आणि मागच्या चाकापासून पुढच्या चाकापर्यंत दोरी ताणली. यंत्र नाही, काही नाही. पांढरी सुती दोरी. एका टोकाला ते, दुसरं टोक माझ्या हातात. म्हणाले, बघा. उजव्या बाजूला दोरी पुढच्या टायरला दोन्ही कडांनी टेकली. डाव्या बाजूला टायरची पुढची कड दोरीला बाहेर ढकलत होती आणि मागच्या कडेपाशी बोट जाईल एवढी फट होती. म्हणजे ते चाक आपलं वेगळंच कुठेतरी निघालं होतं. एक चाक नवापूरला, दुसरं उधना स्टेशनला.

मी दोरी धरून उकिडवा बसलो होतो. आयुष्यभर मी तेच काम केलं होतं; चार हजार धाग्यांत एक वाकडा असला तर मला लांबून दिसायचा. घरात सुताचे कोन भरून पडले होते. ओट्यावरून उतरल्या दिवशी दोन हात सूत लावून पाहिलं असतं तर पाच मिनिटांत कळलं असतं. पण पाहायचं असतं तर ना.

काका खाली शिरले. आतून त्यांचा आवाज आला. "आ क्यां चढावी हती?"

मी म्हणालो, कुठे नाही.

ते बाहेर आले. चाक वळवणारी सळई त्यांनी बोटाने दाखवली. मधोमध ती बाकदार होती, भाकरीचा काठ असावा तशी. हात पुसत ते म्हणाले, "आटलुं वांकुं एनी मेळे नी थाय." इतकं वाकडं आपोआप होत नाही.

रिक्षावाले भाऊ बाजूलाच उभे होते. मी सांगितलं. ओटा, फळी, गटार, सगळं. सांगून झाल्यावर मला वाटलं होतं की दोघं हसतील. हसले असते तर बरं झालं असतं. काकांनी फक्त विचारलं की हे कधी झालं, आणि मी दिवस मोजून सांगितल्यावर म्हणाले की मग तेव्हाच का नाही आलात. नवी सळई शहरातून आणायला दुपार झाली, बसवून दोरी जुळवायला संध्याकाळ. अंधारात आईला घेऊन निघणं नको, म्हणून शुक्रवारी पहाटे निघालो.

गाडी ऐंशीला सरळ गेली. नव्वदला गेली. बारडोली, व्यारा, सोनगड. ट्रक शेजारून गेले आणि तिने ढुंकून पाहिलं नाही. अशा गाडीत बसून कुणीतरी काहीतरी बोलावं, पण मागे आई खिडकीबाहेर पाहत होती आणि बायकोने डबा उघडलाच नाही. नवापूरच्या पुढचा घाट चढताना मी एकदा म्हणालो, बघा किती छान चालतेय. बायकोने खिडकीची काच वर केली.

मावशीच्या दारात दहाच्या आत पोचलो. मावसभाऊ बाहेर आला, त्याने आणि मी आईला उचलून आत नेलं. मावशी खाटेवर भिंतीकडे तोंड करून होती. डोळे उघडे. मावसभाऊ हळूच म्हणाला, "बुधवारपर्यंत विचारत होती, दादा. काल सकाळपासून ओळख नाही राहिली. मलाही ओळखत नाही." त्याच्या बोलण्यात ठपका नव्हता. तो आपला झालं ते सांगत होता.

बुधवारी मी डिकीत वजनं बांधत होतो.

आईने खाटेला खुर्ची लावून घेतली. तिने मावशीच्या केसांतून हात फिरवला, तेल मागितलं, आणि विंचरायला लागली. नाव घेऊन हाक मारली, दोनदा. मग लहानपणी मारायची ती हाक. मावशी वळली नाही. बऱ्याच वेळाने तिने केसांतला हात धरला आणि म्हणाली, "माय, उनी का तू?"

आई थांबली. तिला वाढवणारी बहीण तिलाच आई समजून, आलीस का, असं विचारत होती. मी दारात उभा होतो. मला वाटलं, आता ही सांगेल, अगं मी तुझी धाकटी. पण ती परत विंचरायला लागली. "हा बेटा," ती म्हणाली, "उनू मी."

मावशी नंतर झोपली. तिने आईचा हात सोडला नव्हता, त्यामुळे आई दुसऱ्या हाताने जेवली.

दुपारी मला तिथे बसवेना. मी अंगणात गेलो, टायर पाहिले, आत आलो, पाणी प्यालो, परत बाहेर गेलो. सगळ्यांना वाटलं, शहरातल्या माणसाला लूमची काळजी. आईने आतून मला बोलावलं. ती इथेच राहणार होती, जेवढे दिवस लागतील तेवढे. बायकोही थांबणार होती. मी काहीतरी म्हणायला तोंड उघडलं. मला ओट्याचं सांगायचं होतं, निदान सोमवारचं तरी. तिने मान हलवली. मला काय सांगायचंय ते तिला कळलं होतं की नको होतं, हे मला आजही माहीत नाही.

"तू जाय आते," ती म्हणाली. "माले लेवाले घाईमा येऊ नको."

मी गाडीत बसलो. दार लावलं. किल्ली हातात होती, पण लावली नाही. अंगणात कोंबड्या गाडीखालून इकडून तिकडे जात होत्या. किती वेळ बसलो कोण जाणे. मावसभाऊ गोठ्याकडे जाता जाता थांबला, वाकला आणि त्याने काचेवर टकटक केलं.

"काय दादा, गाडीत काही बिघाड आहे का?"

नाही, मी म्हणालो. गाडी ठीक आहे.